छपाईआधीचा वाचक



पुस्तक छापणे आज कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. अक्षरजुळणी घरच्या संगणकावर होते, डिजिटल छपाईने पन्नास-शंभर प्रतीही नीटस निघतात, आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो आणि २०१६च्या अखेरीपासून किंडलवरही मराठी पुस्तकांची सोय झाली आहे. तरीही बहुतेक स्वप्रकाशित पुस्तकांची वाट ठरलेली असते. प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, पाहुण्यांना आणि समीक्षकांना ‘सप्रेम भेट’ प्रती जातात, नातेवाईक आणि सहकारी थोड्या प्रती घेतात आणि उरलेले गठ्ठे दिवाणाखाली सरकवले जातात. मग आपण म्हणतो, मराठी माणूस वाचत नाही, वितरक दाद देत नाहीत, आपल्याला मार्केटिंग जमत नाही. मला वाटते, दुखणे त्याही आधीचे आहे. विक्रीचा विचार पुस्तक छापून हातात आल्यावर सुरू केला, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ज्या पुस्तकांनी लेखकाच्या स्वतःच्या बळावर वाचक मिळवला, त्यांच्या लेखकांना तो वाचक छपाईआधी ठाऊक होता. तो कुठे भेटतो, त्याला काय बोचते, त्याला किती किंमत परवडते, याचा विचार लिहितानाच झालेला होता.

याचा सर्वांत मोठा पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६च्या परिषदेसाठी त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणातला मजकूर पाहून मंडळ बिचकले आणि परिषदच रद्द झाली. आंबेडकरांनी ते न झालेले अध्यक्षीय भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. पंधराशे प्रतींची ती इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली, असे त्यांनी स्वतः दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. तोवर गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली होती आणि मराठीसह आणखी काही भाषांतली चालू होती. गांधीजींनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात पुस्तकावर टीका केली, पण त्याच लेखात, आठ आणे ही किंमत जास्त आहे, ती दोन आणे किंवा निदान चार आणे करावी, असेही सुचवले. ज्यांना पुस्तकाचे म्हणणे मान्य नव्हते, तेसुद्धा ते जास्त लोकांनी वाचावे म्हणून किमतीचा विचार करत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि आंबेडकरांनी १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत काय केले? गांधीजींची टीका आणि तिला दिलेले आपले उत्तर, दोन्ही पुस्तकातच जोडले. जो वाद वर्तमानपत्रातून विरून गेला असता, तो त्यांनी नव्या वाचकाच्या हातात दिला. गांधीजींच्या लेखात, हा गृहस्थ स्वतःला विसरू देणारा नाही, असा एक उल्लेख होता. त्यावर आंबेडकरांनी स्पष्ट केले की प्रसिद्धीची हाव आपल्याला नाही. हिंदूंनी विचार करावा, आपली स्थिती तपासावी, यासाठी पुस्तक काढले. लेखकाने आपले पुस्तक लोकांपर्यंत नेणे आणि लेखकाने स्वतःला मिरवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे यापेक्षा नेमके कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्याच्या आधी अर्धशतक महात्मा फुल्यांनी आणखी एक वाट दाखवली होती. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ साली पुरा केला. पण त्याच्या उपोद्घातात ते सांगतात की त्यातला मजकूर मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी लोकांसमोर वाचून दाखवला होता. बडोद्याला सयाजीराव महाराजांनीही तो लक्षपूर्वक ऐकला आणि द्रव्यसाहाय्य केले. आता ज्यांच्यासाठी हे पुस्तक होते, त्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तेव्हा फुल्यांनी छापील पानाची वाट न पाहता हस्तलिखितच गावात नेले. ऐकणाऱ्याच्या तोंडावर काय उमटते, कुठे तो मान डोलावतो, कुठे अडतो, हे त्यांना प्रत्यक्ष दिसले. ‘दीनबंधु’ साप्ताहिकात पहिले दोन भाग छापून आले आणि पुढचे थांबले, सगळे पुस्तक त्यांच्या हयातीत छापले गेलेच नाही. तरी त्याला श्रोते मिळाले होते. आपल्यापैकी किती जण छपाईला देण्याआधी आपले हस्तलिखित, ज्यांच्यासाठी ते लिहिले त्या माणसांपुढे वाचतात? मित्रांपुढे वाचतो आपण, लेखकांपुढे वाचतो. ऊसतोड कामगारांवरची कादंबरी ऊसतोड कामगारांच्या फडात वाचली जात नाही.

यावर लगेच आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. फुले आणि आंबेडकर यांच्यामागे चळवळी होत्या, त्यांची नावे घराघरांत होती. नोकरी सांभाळून एखादा कवितासंग्रह काढणाऱ्याने त्यांचा कित्ता कसा गिरवायचा? म्हणून दोन वेगळी उदाहरणे घेतो. श्रीधर व्यंकटेश केतकर ज्ञानकोश करायला निघाले, तेव्हा ना सरकार पाठीशी होते ना मोठी चळवळ. त्यांनी ज्ञानकोश मंडळ नावाची लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि त्या बळावर तेवीस खंड पुरे केले. पुढे या धडपडीचा इतिहास ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने त्यांनी स्वतःच लिहिला. विद्वानाने व्यवसायाची हकीकत लिहावी यात त्यांना कमीपणा वाटला नाही. दुसरे उदाहरण इंग्रजीत लिहिणाऱ्या चार कवींचे. अदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि अरुण कोलटकर यांनी १९७६च्या सुमारास ‘क्लिअरिंग हाउस’ ही स्वतःची छोटी सहकारी प्रकाशन संस्था काढली. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक. पुस्तकांच्या मांडणीत त्यांची नजर होती. त्यातूनच इंग्रजी ‘जेजुरी’ आली आणि १९७७ साली तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. एकट्याने जे झेपत नव्हते, ते चौघांनी मिळून केले. याच दशकात मराठीत ‘ग्रंथाली’ वाचक चळवळ उभी राहिली. सभासद आगाऊ पैसे भरत आणि त्या वाचकवर्गाच्या भरवशावर १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८० साली लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ निघाले. ग्रंथाली स्वप्रकाशन नव्हे, हे मी जाणतो. पण पैसे भरणारा वाचक आधी आणि पुस्तक नंतर हा क्रम तिथे दिसतो, आणि आपल्याला हवा आहे तो हा क्रम.

हा क्रम व्यवहारातही कसा फायद्याचा ठरतो, ते आकड्यांनी पाहू. समजा दोनशे पानांचे पुस्तक आहे, किंमत तीनशे रुपये, आणि पाचशे प्रती छापल्या तर एका प्रतीला नव्वद रुपये खर्च आला. वितरकाला पंचेचाळीस टक्के कमिशन दिले तर लेखकाच्या हाती एकशे पासष्ट येतात, त्यातून छपाई वजा जाता पंचाहत्तर उरतात. तेही प्रत विकली गेली तर, आणि पुस्तक दुकानात कित्येक महिने राहिल्यावर. वाहतूक आणि परत आलेल्या मळक्या प्रती वेगळ्याच. तेच पुस्तक छपाईआधी सवलतीत, अडीचशेला, नाव नोंदवलेल्या दीडशे वाचकांना थेट दिले, तर साडेसदतीस हजार रुपये छापखान्याचे बिल येण्याआधीच जमतात. पाचशे प्रतींचा छपाईखर्च पंचेचाळीस हजार. म्हणजे बहुतेक भार उतरला. शिवाय दीडशेच नावे जमली, तर पाचशे प्रती छापायच्या की दोनशे, हा निर्णय डोळसपणे घेता येतो. टपालाने पाठवायचे तर १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक स्वरूपाच्या पुस्तकांचे तीनशे ग्रॅमपर्यंतचे पाकीट वीस रुपयांपासून जाते. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे आणि आत जाहिराती नकोत. पानांची संख्या, कागदाची जाडी, बांधणी ठरवतानाच वजनकाटा जवळ ठेवला, तर वीस रुपयांचे टपाल पुढच्या टप्प्यात जात नाही. ही क्षुल्लक गोष्ट नाही; दीडशे पाकिटांवर तिचा फरक दिसतो.

मलपृष्ठाबद्दलही दोन शब्द. आपल्या बहुतेक पुस्तकांच्या मागे लेखकाचा फोटो, शिक्षण, नोकरी आणि पुरस्कारांची यादी असते. ग्रंथोत्सवातल्या टेबलाशी उभा राहणारा माणूस पुस्तक उलटून काही क्षण वाचतो आणि ठेवतो. त्या काही क्षणांत त्याला पुस्तकात काय आहे हे कळायला हवे. सांगलीच्या द्राक्षबागायतदाराच्या कर्जाबद्दल आहे का, कोकणातल्या देवराईबद्दल आहे का, डोंबिवलीच्या लोकलमध्ये प्रवास करणाऱ्या बाईबद्दल आहे का? हेच ऑनलाइन विक्रीलाही लागू. शीर्षक आणि लेखकाचे नाव देवनागरीत आणि रोमनमध्येही भरले नाही, तर शोधणाऱ्याला पुस्तक सापडत नाही. फेसबुक आणि व्हॉट्सअॅप गटांबद्दल मी थोडक्यात बोलतो: तिथे पुस्तकाचे मुखपृष्ठ पुनःपुन्हा टाकण्यापेक्षा पुस्तकातले एक पान वाचायला देणे चांगले. त्या पानावरून हे पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही, हे वाचकालाच ठरवता येते.

सार्वजनिक ग्रंथालयांचा मार्ग अनेकांना सर्वांत सोपा वाटतो. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याने मान्यता मिळालेली अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत आणि ती आपली मोठी संपत्ती आहेत. पण केवळ ग्रंथालय खरेदीच्या भरवशावर छापलेले पुस्तक वाचकाला नजरेसमोर ठेवून निघत नाही. किंमत कमिशनचा हिशेब करून वाढवली जाते आणि कपाटात गेलेले पुस्तक कोणी मागितले का, हे लेखकाला कधीच कळत नाही. त्यापेक्षा आपल्या विषयाची आवड असलेल्या दहा ग्रंथालयांत जाऊन ग्रंथपालाला पुस्तक दाखवावे, तिथे वाचन करावे. ग्रंथपालाला सभासदांची नावे ठाऊक असतात, आणि कोण काय मागतो हेही.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. वाचक आधी ठरवायचा म्हणजे त्याला आवडेल तेच लिहायचे ना? तसे असते तर मी हा मुद्दा मांडलाच नसता. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ ज्यांना उद्देशून होते, त्यांना ते ऐकायचे नव्हते. ‘असूड’ भटशाहीवर जितका कडाडतो, तितकाच शेतकऱ्याच्या अज्ञानावरही. वाचक ओळखणे म्हणजे त्याचे लाड करणे नव्हे. आपले बोलणे त्याच्या कानावर जाईल अशी व्यवस्था करणे. उलट ज्याला आपला वाचक कोण हे माहीत नसते, तो सर्वांना रुचेल असे गुळमुळीत लिहू लागतो, असा माझा अनुभव इतरांची पुस्तके वाचताना आहे. वाचक मिळवून देण्याच्या नावाने लेखकाची जी फसवणूक होते, तिच्याबद्दलही आपण सावध असले पाहिजे. छपाई आणि मार्केटिंगचे पॅकेज म्हणून लेखकाकडून मोठी रक्कम घेणारे आज पुष्कळ आहेत. कराराआधी चार गोष्टी लेखी घ्याव्यात: हक्क कोणाकडे राहतील, प्रत्यक्ष किती प्रती छापल्या जातील, आयएसबीएन कोणाच्या नावाने असेल, विक्रीचा हिशेब किती महिन्यांनी मिळेल. पैसे देऊन लिहून घेतलेली परीक्षणे आणि नातेवाइकांनी दिलेले पाच तारे तर मुळीच नकोत. एकदा फसलेला वाचक पुन्हा आपल्या पुस्तकाकडे वळत नाही, आणि त्याबरोबर दुसऱ्याच्या स्वप्रकाशित पुस्तकाकडेही वळत नाही.

म्हणूनच वाचक मिळवण्याचे हे काम एकट्याचे राहू नये, असे माझे स्वप्रकाशक लेखकांच्या या परिषदेला आग्रहाचे सांगणे आहे. प्रत्येक साहित्य संमेलनात, पुणे पुस्तक महोत्सवात, जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात एकट्याने टेबल घेणे परवडत नाही. पंधरा-वीस लेखकांनी मिळून एक टेबल घ्यावे, विषयवार सामायिक सूची छापावी आणि रोज दोघांनी तिथे बसून प्रत्येक विकलेल्या पुस्तकासोबत घेणाऱ्याचे गाव आणि आवडीचा विषय, त्याच्या परवानगीने, वहीत टिपून घ्यावा. पुढच्या पुस्तकाला त्याच वहीचा उपयोग होईल. संयोजकांनी उद्या दुपारच्या सत्रात नुकत्याच प्रकाशित झालेल्या पुस्तकांचे वाचन ठेवले आहे. त्यातला अर्धा वेळ अजून छापखान्यात न गेलेल्या हस्तलिखितांना द्यावा आणि श्रोत्यांत या गावातले शिक्षक, शेतकरी, अंगणवाडी सेविका आणि महाविद्यालयीन मुले यांना आवर्जून बोलवावे, अशी माझी विनंती आहे. नाव नोंदवायचे कागद दाराशी ठेवायला विसरू नये.