खेळातली जपानी, वहीतली जपानी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘विद्यार्थी आणि मोबाइल’ ह्या विषयावर मला चार शब्द बोलण्यास सांगितले आहे. ह्या विषयावर उपदेश करणे फार सोपे आहे. परंतु उपदेशापूर्वी माझ्याच हातून घडलेली एक चूक मी आपल्यापुढे मांडतो.

दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाचे वडील माझ्याकडे आले. वेल्डिंगचे छोटे दुकान चालवणारे कष्टाळू गृहस्थ. हप्त्यावर घेतलेला मोबाइल त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “सर, पोरगा रात्र रात्र ह्याच्यात गेम खेळतो. विचारलं तर म्हणतो, अब्बा, मी जपानी शिकतोय. आता तुम्हीच सांगा, हा मोबाइल ठेवू की फोडून टाकू?”

त्या महिन्यात मुलाला गणिताच्या चाचणीत वीसपैकी चार गुण होते. मी त्याला वर्गासमोर उभे केले आणि म्हणालो, “गणित येईना हिवऱ्यात, आणि निघाले जपानला!” सारा वर्ग हसला. मुलगा काही बोलला नाही. मात्र त्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसू लागला आणि त्याने मला प्रश्न विचारणे बंद केले. शिक्षकाच्या दृष्टीने ह्याहून मोठे नुकसान कोणते?

पंधरा दिवसांनी वह्या तपासताना त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर अनोळखी अक्षरे दिसली. ओळीत पाच-पाच अक्षरे, आणि खाली देवनागरीत उच्चार: आ, इ, उ, ए, ओ, का, कि, कु, के, को. मी थबकलो. ही तर आपल्या बाराखडीची बहीण! पुढे वाचनातून समजले की, जपानी भाषेच्या हिरागाना लिपीत ४६ मूळ अक्षरे आहेत आणि त्यांच्या क्रमावर, बौद्ध धर्माबरोबर जपानात गेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाचा प्रभाव आहे. ही अक्षरे त्या मुलाने कोणत्याही शिकवणीविना गिरवली होती. मी ज्या वर्गासमोर त्याला हसलो होतो, त्याच वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि म्हटले, “आता तू मला शिकव.”

त्याने जे दाखवले ते समजून घेण्यासारखे आहे. तो खेळ गोष्टीचा होता आणि त्याची भाषा त्याने जपानी करून घेतली होती. पात्र बोलते, बोललेले वाक्य खाली उमटते, आणि बोट लावल्याशिवाय पुढचे वाक्य येत नाही. सिनेमा आपल्यासाठी थांबत नाही. असा खेळ मात्र थांबतो. ‘हाइ’ म्हणजे होय, ‘इइए’ म्हणजे नाही. चुकीचे निवडले तर दुकानदार वस्तू देत नाही. तेच दुकान, तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि गरज असल्यामुळे ते ध्यानात राहतात. १९९६ साली जपानात निघालेल्या पोकेमॉन ह्या प्रसिद्ध खेळात जखमी प्राण्याला ‘किझुगुसुरि’ द्यावे लागते. किझु म्हणजे जखम, कुसुरि म्हणजे औषध. हा शब्द पाठ करावा लागत नाही. प्राणी वाचवता वाचवता तो तोंडी बसतो.

शिवाय आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, अशा दोन-दोन लिप्या ती लहानपणापासून वाचतात. तिसरीची भीती त्यांना का वाटावी? वाक्यरचनाही ओळखीचीच. ‘पाणी पितो’ ह्याला जपानीत ‘मिझु ओ नोमिमासु’ म्हणतात. मिझु म्हणजे पाणी. आधी पाणी, मग पिणे. क्रियापद शेवटी, जसे आपल्या मराठीत आणि उर्दूत.

परंतु मित्रांनो, ह्यावरून दिवसभर खेळण्याचा परवाना मिळाला असे समजू नका. मी त्या मुलाला पडद्यावरच्या दहा वाक्यांचा अर्थ विचारला. त्याला दोनच सांगता आली. बाकी आठ वेळा तो नुसते बोट दाबून पुढे गेला होता. नाझरा वाचणारे आपले मूल अरबी अक्षर बरोबर उच्चारते, पण अर्थ त्याला वेगळा शिकावा लागतो. तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट. पुण्यात जपानी मंडळींबरोबर काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याशी मी त्याचे फोनवर बोलणे करून दिले. आपला शूर वीर पहिल्याच वाक्यात त्याला ‘ओमाए’ म्हणाला. खेळातले योद्धे एकमेकांना तसेच म्हणतात. वस्तुतः ते मोठ्या माणसाला ‘अरे तू’ म्हणण्यासारखे आहे. ज्या घरात ‘आप’ आणि ‘तू’ ह्यांतला फरक शिकवला जातो, त्या घरच्या मुलाला ही चूक लगेच उमगली. खेळ शब्द देईल, अदब माणूसच शिकवील.

म्हणून आम्ही तिघांनी, म्हणजे वडील, मुलगा आणि मी, काही नियम ठरवले. गृहपाठ आधी. मगरिबनंतर अर्धा तास खेळ, तोही वही उघडी ठेवून. रोज पाच नवे शब्द. शब्द, अर्थ आणि ज्या वाक्यात तो आला ते वाक्य. नुसत्या गोळीबाराचे आणि शर्यतीचे खेळ ह्यात धरायचे नाहीत, कारण त्यांत वाचायलाच काही नसते. पैसे लावून खेळण्याच्या खेळांना तर घरात थाराच नाही. अशा ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे.

आपण विचाराल, जपानी शिकून पुढे काय? जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या असून एन-५ सर्वांत सोपी. आपल्या राज्यात मुंबई आणि पुणे येथे तिची केंद्रे आहेत. तिच्यात वाचन आणि श्रवण तपासतात. बोलण्याची व निबंधाची परीक्षा नसते. म्हणजे खेळातून मिळणारे ज्ञान तेथे कामी येते, पण नोकरीच्या जागी बोलावेही लागतेच. जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांविषयी भारत-जपान करार झाला. शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी त्या वाटेने जाणाऱ्याला सामान्यतः कामाच्या कसोटीबरोबर जपानी भाषेचीही कसोटी द्यावी लागते.

हे सारे शहरातल्या मुलांसाठी आहे, असे म्हणू नका. तेव्हाच्या औरंगाबाद, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ साली मुलांना विचारले, कोणती परदेशी भाषा शिकाल? यंत्रमानवाची आवड असलेल्या पुष्कळ मुलांनी जपानी निवडली. इंटरनेटवरच्या चित्रफिती आणि भाषांतराची साधने घेऊन सुरुवात झाली; पुढे टाळेबंदीच्या काळात एका जाणकाराने ऑनलाइन वर्ग घेतले. ज्यांच्याकडे फोन नव्हता, त्यांना सोबत्यांनी शिकवले. गाडीवाटला जे जमले, ते हिवरा आश्रमाला का जमू नये?

तो मुलगा आता अकरावीत आहे. दहावीला गणितात तो उत्तीर्ण झाला. एन-५ परीक्षा त्याने अजून दिलेली नाही; तयारी चालू आहे, आणि ती पूर्ण होईल अशी मला आशा आहे. मोबाइल वडिलांच्या दुकानातल्या खणात असतो. मागच्या आठवड्यात मी तेथे गेलो, तेव्हा वडिलांनी मुलाला हाक मारली, “सर आलेत, मिझु आण.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “रोज पाच शब्द मला ऐकवतो. थोडे माझ्याही ध्यानात राहतात.”

पालकहो, माझी एकच विनंती आहे. मोबाइल फोडू नका, आणि तो मुलाच्या हाती सोडून निश्चिंतही होऊ नका. दिवसाकाठी पाच मिनिटे त्याच्याजवळ बसा आणि विचारा, “आजचे पाच शब्द कोणते?” आपणास जपानी येत नसली तरी हा प्रश्न विचारता येतो.