अंधारात हरवलेलं हत्यार
(रेडिओवरील भाषण)



वडवणीच्या परिसरात पाणी लागावं म्हणून आपण जमिनीत शेकडो फूट बोअर घेतो. बालाघाटचा हा मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. चुनखडीच्या प्रदेशात असतात तशा लांबलचक गुहा आपल्याकडे नाहीत. इथला कायमचा अंधार आहे तो मुरुमाच्या थरात आणि खडकाच्या फटींत साठलेल्या पाण्यात. तिथं सूर्य कधीच पोचत नाही. जगात बऱ्याच ठिकाणी अशा पाण्यात प्राणी राहतात. त्यांचे डोळे जातात, रंग जातो, हे आपण ऐकलेलं असतं. आज मी सांगणार आहे ते याहून आतलं. अशा प्राण्यांच्या पेशीतला डीएनए बिघडला तर तो दुरुस्त कसा होतो आणि अंधारात लाखो वर्षं गेल्यावर त्या दुरुस्तीचं काय होतं?

आधी बिघाड समजून घेऊ. डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला लांब मजकूर आहे. उन्हातले अतिनील किरण पेशीत शिरले की या मजकुरातली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशीला ती जागा वाचता येत नाही, नक्कल करताना चूक होते. अशा चुका साचत गेल्या तर पुढे कर्करोगही होऊ शकतो.

हा बिघाड काढायच्या दोन रीती आहेत. गोधडी शिवताना दोन टाके एकमेकांत गुंतले, तर सुईच्या टोकानं ते अलगद सोडवता येतात. नाहीतर तेवढा भाग कापून तिथं नवं ठिगळ लावावं लागतं. पेशीतही तसंच. पहिल्या रीतीचं काम फोटोलायेज नावाचं एन्झाइम करतं. ते निळ्या उजेडातली ऊर्जा घेतं आणि चिकटलेली अक्षरं सोडवतं. दुसऱ्या रीतीत अनेक प्रथिनं मिळून बिघडलेल्या जागेभोवतीची सुमारे तीस अक्षरं कापतात आणि डीएनएच्या समोरच्या, जोडीच्या धाग्यावरून वाचून पुन्हा भरतात. हे काम दगदगीचं, पण त्याला उजेड लागत नाही.

उजेडानं होणारी दुरुस्ती 1949 साली अमेरिकेत आल्बर्ट केल्नर यांनी दाखवून दिली. अतिनील किरणांनी जवळजवळ मेलेले मातीतले सूक्ष्मजीव साध्या प्रकाशात ठेवले की पुन्हा वाढू लागतात, हे त्यांना दिसलं. फोटोलायेजचं काम उलगडण्यात मोठा वाटा तुर्कस्तानात जन्मलेल्या अझीझ संजार यांचा. डीएनए दुरुस्तीच्या संशोधनासाठी 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि संजार यांना मिळालं.

आता अंधाराकडे वळू. उजेडावर चालणारं हे हत्यार, ज्यानं उजेड पाहिलाच नाही त्याच्याकडे टिकतं का? सोमालियात वाळवंटाखालच्या भूजलात फ्रेआटिक्थिस अँड्रुझ्झी नावाचा मासा राहतो. त्याला डोळे नाहीत, खवले नाहीत, रंगही नाही. त्याच्या पूर्वजांना अंधारात जाऊन लाखो वर्षं लोटली आहेत. जर्मनीतल्या कार्ल्सरुह इथले निकोलस फोक्स, इटलीतल्या फेरारा इथले क्रिस्टियानो बर्टोलुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशाची तुलना उजेडात राहणाऱ्या झेब्राफिशशी केली. झेब्राफिश हा आपल्या उपखंडातला पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा. 2018 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोमालियाच्या माशात उजेडावर चालणारी दुरुस्ती बंद पडलेली होती.

कशी बंद पडली, तेही कळलं. फोटोलायेजच्या गटातल्या दोन प्रथिनांचं शेवटचं टोक तुटलेलं होतं. त्यामुळे ती डीएनए असलेल्या केंद्रकात न जाता बहुतेक बाहेरच राहत होती. शिवाय ऊन लागताच दुरुस्तीची जनुकं एकदम जागी करणारा डीएनएतला एक छोटा तुकडा असतो. या माशात तो तुकडाही निकामी झाला होता.

इथं एक गैरसमज काढायला हवा. वापर नाही म्हणून अवयव झिजला आणि ती झीज पिल्लांत उतरली, असं घडत नाही. जनुकात चुका सगळीकडेच होतात. उन्हातल्या माशात फोटोलायेज बिघडलं तर तो मासा मागे पडतो, त्याची संतती कमी होते आणि ती चूक पुसली जाते. अंधारात त्याच चुकीनं कोणाचं काही बिघडत नाही. ती राहते, पुढच्या पिढीत जाते, तिच्यावर दुसरी चूक साचते. राखणदारी उठली की असंच होतं.

पण अंधाराचा निकाल सगळीकडे एकच नसतो. मेक्सिकोच्या गुहांतल्या आंधळ्या माशात लंडनच्या शास्त्रज्ञांना 2013 साली वेगळंच दिसलं. तिथं दुरुस्तीची काही जनुकं, जणू ऊन कायम डोक्यावर आहे अशी, चढ्या पातळीवर चालू होती. हे मासे सोमालियाच्या माशाच्या मानानं अलीकडे गुहेत गेलेले. शिवाय दुरुस्तीची बाकी यंत्रणा अंधारातही लागतेच. डीएनए नुसत्या उन्हानं बिघडत नाही. पेशीतल्या पाण्यानं आणि प्राणवायूनंही तो रोज हजारो जागी बिघडतो, हे लिंडाल यांनीच शिकवलं. आफ्रिकेतला बिनकेसाचा बिळउंदीर सारा जन्म जमिनीखाली काढतो, तरी तीस वर्षांहून जास्त जगतो. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी 2025 साली दाखवलं, की त्याच्या एका प्रथिनात फक्त चार अमिनो आम्लं वेगळी आहेत. माणसात हेच प्रथिन तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीला अडथळा करतं, बिळउंदरात ते मदत करतं. म्हणजे अंधारात सगळी दुरुस्ती ढिली पडत नाही. उजेडावर अवलंबून असलेली तेवढी जाते. बाकीची राहते, कधी आणखी पक्की होते.

आपल्या दख्खनशी नातं सांगणारा मासाही या कथेत आहे. 1872 साली फ्रान्सिस डे यांनी पुण्याच्या नदीतून दगडाखाली बसणाऱ्या बोटभर माशाची नोंद केली. आज त्याला इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी म्हणतात. याच नावानं ओळखला गेलेला मासा बस्तरमधल्या कोटुमसर गुहेत आहे. तिथं त्याचे डोळे लहान झाले आहेत, रंग फिका पडला आहे. रायपूरच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्या दिनक्रमाचा बरीच वर्षं अभ्यास केला. एकाच घराण्यातले काही उन्हात, काही अंधारात. दुरुस्तीचा प्रश्न विचारायला यापेक्षा सोयीची जोडी शोधून सापडणार नाही.

श्रोतेहो, आता ही गोष्ट आपल्यापर्यंत येते. वनस्पतींकडे फोटोलायेज आहे. कोंबडीकडे आहे, बेडकाकडे आहे, पिल्लू पिशवीत वाढवणाऱ्या कांगारूच्या कुळाकडेही आहे. ज्यांची वार पडते त्या सस्तन प्राण्यांकडे मात्र ते नाही. गाय, बैल, शेळी आणि माणूस, सगळे त्यात आले. याचं कारण काय असावं? डायनासोरांच्या काळात आपले छोटे पूर्वज दिवसा लपून राहत आणि रात्री बाहेर पडत, ही कल्पना गॉर्डन वॉल्स यांनी 1942 साली मांडली होती. त्या लांबलेल्या रात्रीत आपलं फोटोलायेज गेलं असावं, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. आपल्या पूर्वजांत तेव्हा घडलं त्याची सुरुवात सोमालियाच्या माशात आज पाहायला मिळत असावी, असं फोक्स यांच्या गटाचं म्हणणं आहे. फोटोलायेजच्या नात्यातली क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं आपल्यात अजून आहेत. पण ती डीएनए दुरुस्त करत नाहीत, शरीराचं घड्याळ चालवतात.

गेलेल्या हत्याराची किंमत किती, तेही मोजून झालं आहे. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या पोटोरू या कांगारूच्या नातलगाचं फोटोलायेज उंदरात घातलं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात अशा उंदरांना अतिनील किरणांमुळे होणारे त्वचेचे कर्करोग खूपच कमी झाले.

याचा अर्थ आपल्या भागातल्या माणसांसाठी सरळ आहे. दरवर्षी वडवणी, धारूर, माजलगाव या तालुक्यांतून हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. फडात दिवसभर ऊन. ज्या उसावर कोयता पडतो त्याच्याकडे उन्हाचा बिघाड उन्हानंच काढायची सोय आहे. कोयता धरणाऱ्याकडे ती नाही. आपली सावळी कातडी बरंच ऊन अडवते, कापून ठिगळ लावायची रीतही आपल्याकडे शाबूत आहे. पण सगळा भार तिच्या एकटीवर आहे आणि तिला वेळ लागतो. म्हणून डोक्याला रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि भर दुपारी अतिनील किरण सगळ्यांत तीव्र असताना थोडी सावली, या गोष्टी चैनीच्या नाहीत. मुकादमांनी आणि कारखान्यांनी फडावर सावलीची सोय करावी, विशेषतः आयांसोबत येणाऱ्या लहान मुलांसाठी. लहान वयात लागलेल्या उन्हाचा हिशोब कातडी बऱ्याच वर्षांनी मांडते.