लोकेशन पाठवलं, वाट पाठवायची राहिली

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)

इअरफोन लावून बसमध्ये बसला असाल, मेट्रोत उभे असाल किंवा रविवारच्या ट्रेकची बॅग भरत असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. बॅग भरणाऱ्यांनी तर जरा थांबूनच ऐका.

आज ताम्हिणीबद्दल बोलायचंय. पुण्यातून चांदणी चौक, पिरंगुट, पौड असं करत मुळशी धरणाच्या कडेकडेने गेलं की येतो तो ताम्हिणी घाट. पलीकडे उतरलं की निजामपूर, माणगाव, म्हणजे रायगड जिल्हा, कोकण. आपण पुण्याची पोरं या भागात भजी खायला, धबधब्यात भिजायला आणि ट्रेकला जातो. मीही जाते. आणि तिथे मी केलेली एक चूक आज तुम्हाला सांगणार आहे. मी दरीत पडले वगैरे नाही. चूक फोनवर झाली, घरी, गादीवर लोळत असताना.

पण सुरुवातीपासून सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना. आम्ही चौघं अंधारबनला निघालो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ताम्हिणीच्या रस्त्यावरून लोणावळ्याकडे जो फाटा जातो, त्यावर पिंपरी नावाचं गाव आहे. तिथून ही वाट सुरू होते, हिर्डी गावातून जाते आणि खाली कोकणात भिऱ्याला उतरते. साधारण 13-14 किलोमीटर. जंगल इतकं दाट की भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं, म्हणून नाव अंधारबन. उजेड गाळून यावा तसा पानांतून येतो. नशीब असेल तर वर फांदीवर शेकरू दिसतं. डाव्या अंगाला कुंडलिकेची दरी. धुकं हटलं की दिसते, आणि दिसली की आपोआप आवाज खाली येतो.

आम्ही सातला पोहोचायचं ठरवलं होतं. पौडला मिसळ, मग चहा, मग फोटो. चालायला सुरुवात केली साडेदहाला. ही पहिली माती.

वाटेत ओढे लागतात. पहिला घोट्याएवढा, मजेत पार केला. पुढच्याला आलो तेव्हा पाऊस वाढला होता. पाणी गुडघ्याच्या थोडं खाली. फोन काढून बघितलं, ऑफलाइन मॅपवर निळा ठिपका अगदी रेषेवर. म्हणजे वाट बरोबर आहे. आमच्यातला एक पुढे झाला, पार गेला, पलीकडून अंगठा दाखवला. दुसरी मैत्रीण पाण्यात उतरली आणि चार पावलांवर तिचा पाय सरकला. मी तिची बॅग धरली, म्हणून ती बसली फक्त, वाहिली नाही. ओढत मागे आणलं. एवढ्यात, किती वेळ झाला असेल, पाच-सात मिनिटं, पाणी मांडीला आलं होतं.

आता तिघं इकडे, एक तिकडे. आणि मॅपवर निळा ठिपका अजूनही अगदी रेषेवर!

तेवढ्यात मागून एक मामा आले. डोक्यावर इरलं, हातात कोयता, हिर्डीला निघालेले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आता न्हाय जायचं. बसा हितं."

मी म्हटलं, "मामा, आमचा एक पलीकडे आहे."

"त्यालाबी बसाया सांगा. वर सरकून बस म्हनावं, त्या झाडाच्या वर."

मग त्यांनी एक काम केलं. पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवला आणि त्या दगडाकडे बघत बसले. दगड बुडाला. त्यांनी थोडा वर दुसरा ठेवला. तोही बुडाला. मग तिसरा ठेवला, तो मात्र तसाच राहिला. म्हणाले, "थांबलं चढायचं. पानी चढतं बिगीनं, उतरतंबी बिगीनं. तुमच्या शहरातल्या मान्सांना थांबाया जमत न्हाय, एवढंच."

पावणेदोन तास थांबलो. पाऊस ओसरला, पाणी उतरलं, पहिला दगडसुद्धा परत दिसायला लागला. आमचा मित्र अलीकडे आला. मामा म्हणाले, "आता मागं फिरा. पुढं असंच अजून हाये." ते पुढे गेले, कारण ते त्यांचं घर होतं. आम्ही मागे फिरलो. अंधार पडता पडता पिंपरीत. कुणाला काही झालं नाही.

आता माझी चूक ऐका.

घरी आले, अंघोळ केली, गादीवर पडले आणि व्हिडिओ टाकला. त्यात धुकं होतं, दरी होती, पहिला घोट्याएवढा ओढा होता, आमचं हसणं होतं, मागे एक छानसं गाणं. तो दुसरा ओढा नव्हता. तो दगड नव्हता, मामा नव्हते, आम्ही मागे फिरलो हे तर नव्हतंच. खाली कमेंट्स: "लोकेशन टाक ना", "लोकेशन प्लीज". मी टाकलं. ज्यांनी मागितलं त्या सगळ्यांना पाठवलं. माझ्या मावसभावालाही.

पुढच्या रविवारी तो कॉलेजची नऊ पोरं घेऊन गेला.

रात्री नऊला त्याचा माणगावहून फोन. हिर्डी ओलांडून खाली भिऱ्याकडे उतरताना दगडांची वाट आहे, तिथे शेवाळावरून त्याचा पाय गेला. घोटा मोडला. रेंज नाही. दोघं मागे पळत हिर्डीत गेले, तिथून चार माणसं आली, बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि त्याला घेऊन उतरली. अडीच तास. पावसात, त्याच शेवाळावरून.

नंतर मी त्या मावसभावाला घेऊन त्यांना भेटायला गेले. त्यातला एक जण सहज म्हणाला की त्या दिवशी त्याच्या खाचरात भातलावणी होती. लावणीला माणसं सांगून ठेवलेली असतात, एक दिवस चुकला की ती दुसऱ्याच्या शेतात जातात. चार घरांचा खाडा झाला होता. आम्ही पैसे दिले, त्यांनी घेतले. घ्यायलाच हवे होते. पण लावणीचा गेलेला दिवस पैशाने परत येत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मला तेव्हा कळलं.

परतताना गाडीत भाऊ म्हणाला, "ताई, तू सांगितलंच नव्हतंस की तुम्ही अर्ध्यातून परत आलात."

खरंच की. मी लोकेशन पाठवलं होतं, वाट पाठवलीच नव्हती. लोकेशन म्हणजे एक टिंब. वाट म्हणजे ते टिंब कुठल्या महिन्यात आहे, किती वाजता आहे, काल रात्री वर किती पाऊस पडला, कुठे थांबायचं आणि कुठून फिरायचं, हे सगळं.

आता जरा आकडे बघू, म्हणजे मी नुसती घाबरवत नाहीये हे पटेल. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात अख्ख्या वर्षात पडतो साधारण 700 ते 750. म्हणजे आपल्या वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा तिथे एका दिवसात पडला. सोपा हिशोब करा: एक चौरस किलोमीटरवर 556 मिलिमीटर म्हणजे 55 कोटी 60 लाख लिटर पाणी. खाली काळा बेसॉल्ट, वर मातीचा पातळ थर, तोही भिजून गच्च. पाणी मुरणार कुठे? ते ओढ्यातच येणार. आणि तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर सड्यावर तो पडत असतो. ओढा गढूळ झाला, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज जाड झाला, की समजायचं वरून पाणी येतंय. फोटो नाही काढायचा. वर सरकायचं.

त्याच वर्षी जूनच्या शेवटी ताम्हिणीत एक तरुण कुंडात उडी मारून वाहून गेला. जुलैमध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर रील करताना एक मुलगी दरीत पडून गेली. त्या पावसाळ्यात वनविभागाने अंधारबनची वाट बंद केली. हा सगळा भाग 2013 पासून ताम्हिणी अभयारण्य आहे, त्यामुळे वनविभागाचा शब्द शेवटचा. खाली देवकुंडलाही पावसाळ्यात बंदी असते. "मागच्या बाजूने एक वाट आहे" असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, झोळी कोण उचलणार?

बंदीने गावाचं नुकसान होतं, हेही खरं. पिठलं-भाकरी करून घालणारी घरं, वाट दाखवणारी पोरं, त्यांचा हंगामच बुडतो. म्हणूनच म्हणते, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा ना! वाट उघडी आहे ना हे आधी वनविभागाकडे विचारून घ्या. पावसाळा संपल्यावर ओढे शहाणे होतात, दरी स्वच्छ दिसते, आणि गावातल्या माणसाला बरोबर घेतलं तर त्याचाही रोज सुटतो.

एक गंमत सांगते. आल्प्समध्ये इन्सब्रुक नावाचं शहर आहे, ऑस्ट्रियात. डोंगर अगदी शहराला टेकलेला. तिथल्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात, पुढचं ठिकाण किती तासांवर ते लिहिलेलं, आणि वाट किती अवघड ते रंगाने: लाल मध्यम, काळी कठीण. आपल्याकडे पाटी सहसा नसते. आपल्याकडे पाटीचं काम माणूस करतो. इरलं घेतलेला, कोयता घेतलेला, "आता न्हाय जायचं" म्हणणारा. ती काळ्या रंगाची पाटी आहे असं समजा. आणि ती वाचा.

कारण या वाटा आपल्यासाठी तयार झालेल्याच नाहीत. या घाटवाटा, घाटमाथ्यावरून कोकणात उतरायच्या, बाजाराच्या, सोयरिकीच्या. तैलबैल्याजवळची सवाष्णीची वाट घ्या, वाघजाईची घ्या. अंधारबन उतरून ज्या भिऱ्याला आपण पोहोचतो, तिथे 1927 पासून वीज होते, मुळशी धरणाच्या पाण्यावर. त्याच धरणासाठी जमिनी जाणार म्हणून 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते. म्हणजे जिथे आपण "काय व्ह्यू आहे यार" म्हणतो, त्या पाण्याखाली कुणाची तरी भातखाचरं आहेत. एवढं लक्षात ठेवून चाललं तरी चाल बदलते.

आता कामाच्या गोष्टी, पटापट. फोनमध्ये लिहून ठेवा.

मॅप घरून डाउनलोड करा. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, पण दाट झाडीत आणि दरीत ठिपका भरकटू शकतो. आणि ठिपक्याला ओढ्याचं पाणी दिसत नाही.

वाटेवर फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. पॉवर बँक प्लॅस्टिकच्या पिशवीत.

घरी एकाला मेसेज करा: कुठून चढणार, कुठे उतरणार, कोण कोण आहे, गाडीचा नंबर, आणि "इतके वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधा". अडचणीत 112 लावा, तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या नेटवर्कवरून लागू शकतो.

शिट्टी जवळ ठेवा. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. डोंगरातली मदतीची ही खूण जगभर चालते. रात्री हेच टॉर्चने.

परत फिरायची वेळ आधीच ठरवा, घरी बसून, डोकं थंड असताना. "बारापर्यंत हिर्डी नाही आलं तर मागे." तिथे गेल्यावर ठरवू म्हणाल तर कधीच फिरणार नाही.

आणि पहिल्यांदाच जात असाल तर अंधारबन नको. एकोले गावातून घनगड करा, नाहीतर वडुस्त्याजवळचा कैलासगड. छोटे किल्ले, मोठा नजारा, संध्याकाळी घरी.

शेवटचं. तो जुना व्हिडिओ मी काढून टाकला नाही. त्याखाली सगळ्यात वर मीच एक कमेंट लिहून ठेवली आहे: "आम्ही इथून पुढे गेलो नाही. दुसऱ्या ओढ्यावरून परत आलो." त्यावर एकाने हसणारे इमोजी टाकले. पण मागच्या जूनमध्ये एका मुलीचा मेसेज आला, ताई, आम्ही दिवाळीनंतर जाऊ. बस, मला एवढंच हवं होतं.

माझा मावसभाऊ आता नीट चालतो. थंडीत आम्ही दोघं ती वाट पूर्ण करून आलो. दुसऱ्या ओढ्यात तेव्हा पाणीच नव्हतं. त्याने कडेला एक दगड ठेवला, उगाच.

तर मंडळी, तुम्ही कधी अर्ध्यातून परत आलात? शिखर गाठलेल्या गोष्टी नकोत, त्या खूप आहेत. परत आल्याच्या गोष्टी पाठवा. पुढच्या भागात त्याच वाचू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि कुणी लोकेशन मागितलं तर गोष्टही पाठवा. भेटू!