सांधा दारात नको

आता बऱ्याच घरांत शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर प्लास्टिकचं कार्पेट दिसतं. रोल सहा फूट रुंदीचा असतो आणि खोली दहा-बारा फुटांची. म्हणजे दोन तुकडे आले आणि मध्ये सांधा आला. आज त्या सांध्याबद्दलच बोलू या.

आमच्या घरी दिवाळीला जावेनं आणि मी मिळून कार्पेट घातलं. दोन तुकडे शेजारी ठेवले, वरून टेप मारली, झालं. सांधा आला नेमका दारासमोर. येण्या-जाण्यानं महिनाभरात टेप उचकटली, कड वर वळली. एका पहाटे सासूबाई पाणी प्यायला उठल्या, अंगठा त्या कडेत अडकला आणि मनगट मोडलं. चूक आमचीच. म्हणून सांगते, कात्री हातात घेण्याआधी सांधा कुठे येणार ते ठरवा.

समजा खोली दहा बाय साडेअकरा फूट आहे. दहा-दहा फुटांचे दोन तुकडे घेतले तर वीस फुटांत काम होतं. साडेअकरा फुटांचे दोन घेतले तर तेवीस फूट लागतात. पण वीस फुटांत सांधा दारात येत असेल, तर वरचे तीन फूट घ्या. दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतात. दोन्ही तुकडे एकाच वेळी, एकाच रोलमधून घ्या, नाहीतर रंगात फरक पडतो. नक्षी मोठी असेल तर ती जुळवायला दुसरा तुकडा थोडा लांब घ्या.

घालण्याआधी फरशीची ओल बघा. हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा. खाली थेंब जमले तर थांबा, नाहीतर कार्पेटखाली कुबट वास धरतो. रोल उघडून उन्हात थोडा वेळ पसरा, म्हणजे नरम होऊन सपाट बसतो.

आता सांधा. दोन्ही तुकडे एकाच दिशेनं घाला आणि नक्षी जुळवून एकमेकांवर दोन बोटं चढवा. फरशीवर ओरखडे नकोत म्हणून खाली टाकाऊ तुकडा सरकवा. वर लोखंडी पट्टी घट्ट धरा आणि नव्या पात्याच्या कटरनं दोन्ही थर एकदमच कापा. बोटं पट्टीच्या मागे ठेवा, लेकरांना दूर ठेवा. वरची आणि खालची कातरण काढली की दोन्ही कडा तंतोतंत भिडतात. वेगवेगळं कापलं तर कितीही जपा, कुठेतरी फट राहतेच.

मग कडा उचलून खाली फरशीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. कडा त्यावर बसवा आणि जुन्या लाटण्यानं दाबत जा. वरून टेप नको, तिला धूळ धरते आणि ती सुटते. भिंतीला मात्र कार्पेट टेकवू नका. ज्वारीच्या दाण्याएवढी फट ठेवा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिक फुगतं, जागा नसली की सांध्यावरच उचलतं.

सतरंजी किंवा लोकरीचा गालिचा जोडायचा असेल तर टेपपेक्षा सुई-दोरा बरा. गालिच्यावरून हात फिरवा. दोन्ही तुकड्यांची लव एकाच बाजूला झुकली पाहिजे, नाहीतर जोडल्यावर एक तुकडा गडद, एक फिका दिसतो. गालिचा मागच्या बाजूनं कापा आणि खालूनच शिवा.

आपल्या पैठणला कडियल पैठणी विणताना काठाचे आणि अंगाचे धोटे वेगळे असतात. विणकर प्रत्येक ओळीला दोन्हीकडचे धागे एकमेकांत अडकवतो. मग काठ कुठे जोडला ते बोटाला कळतसुद्धा नाही. आपला सांधाही तसाच तपासा. डोळे मिटून अनवाणी पाय फिरवा. पायाला कड लागली, तर ती घरातल्या म्हातारीच्याही पायाला लागणार.

पट्टी आणि कटर गटात एकच घ्या, आळीपाळीनं वापरा. येते आता. राम राम.