भज्जीतले दाणे



साहित्याच्या व्यासपीठावरून भाकरीविषयी काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. पण आपल्या औरादकडे भाषा आधी ताटात भेटते. तीच ज्वारी मराठी घरात भाकरी होते, कन्नड घरात रोट्टी. आपली आंबील शेजारी अंबली होते. १९५६ साली जुना बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा तिकडे गेले, औराद, भालकी इकडे राहिले. वेळ अमावस्या मात्र दोन्हीकडे राहिली.

त्या दिवशी तुम्ही शेतात कडब्याची कोप करता, पांडव मांडता आणि भज्जी वाढता. तीत तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, मेथी, गाजर, बेसन, चिंच असं सगळं येतं. आपल्या रानात काय काय पिकतं, याची ती वर्षातून एकदा होणारी मोजदादच आहे.

आता आयर्लंडकडे पाहा. तिथला गरीब शेतकरी ओट, लोणी विकून जमीनदाराचा खंड भरी आणि स्वतः बटाटा नि ताक यांवर जगे. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली, निदान तितकीच देश सोडून गेली. त्या काळातही तिथून धान्य बाहेर जातच होतं. मोठा मार बसला तो आयरिश बोलणाऱ्या पश्चिम भागाला. माणसं गेली, तशी भाषाही ओसरली.

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात रेशनचा लाल मिलो ज्यांनी खाल्ला, त्यांना परक्या धान्यावर जगणं काय असतं, हे सांगायला नको.

आज आपल्या रानात सोयाबीन आहे. त्यानं हाती पैसा आला, मुलं शिकली. मी त्याला दोष देत नाही. पण ते बाजारात जातं, आपल्या चुलीवर चढत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

म्हणून एक विनंती. चार तासं ज्वारीची, दोन तुरीची राखा. येत्या येळवशीला नातवंडांना कोपीत बसवा आणि भज्जीतल्या एकेका दाण्याचं नाव विचारा. जी नावं त्यांना येणार नाहीत, ती आपणच सांगायची आहेत.