पाटावरचा ‘श्री’



आपल्या पूर्वजांची जहाजे, उसाचे मळे, त्यांचे कष्ट यांविषयी आज पुष्कळ ऐकले. आम्ही पडलो प्राथमिक शाळेतल्या बाई. आम्ही एका लहान वस्तूची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या घरी गणपती बसवायचा एक पाट आहे. मॉरिशसला पणजोबांनी करवून घेतलेला. त्यावर हाताने कोरलेला ‘श्री’. आजी दरवर्षी त्याला तेलाचा हात फिरवायची. एडिसनला आल्यावर एका चतुर्थीच्या आधी आम्हांला वाटले, पाट नवा दिसावा. दुकानातून पॉलियुरेथेनचा डबा आणला आणि घाईघाईत दोन जाड हात दिले. चकाकी आली, पण जुन्या तेलकट लाकडावर ते रोगण धरेना. पापुद्रे सुटले, ‘श्री’ बुजून गेला. मग कागदाने घासायला बसलो, तर ‘श्री’ची वेलांटी गेली. चूक आमचीच.

तेव्हापासून आम्ही राळ आणि लाख यांची चौकशी करू लागलो. झाडाला जखम झाली की काही झाडे चिकट रस सोडतात. तो वाळून जखम झाकतो, कीड आणि बुरशी अडवतो. तीच राळ. माणसाने ती तेलात शिजवून रोगण केले, होड्यांच्या फटी बुजवल्या. इथल्या दक्षिण न्यू जर्सीतल्या पाइनच्या जंगलांतूनही एके काळी जहाजांसाठी डांबर निघत असे.

सह्याद्रीच्या दक्षिण भागात काळ्या धूपाचे झाड आहे. त्याची राळ धूप म्हणून जाळतात, रोगणातही घालतात. आणि मॉरिशसच्या रानात ‘ब्वा कोलोफान’ नावाचे राळेचे झाड आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. शास्त्रज्ञ दोन्ही झाडे एकाच ‘कॅनेरियम’ वंशात धरतात. म्हणजे आपले लोक बोटीतून उतरले, तेव्हा तिथे भाऊबंद आधीच उभा होता! आज ते झाड फार दुर्मिळ झाले आहे.

लाख मात्र झाडाची नव्हे. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर राहणारा बारीक किडा ती करतो. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. मग केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. आपण जमलो आहोत त्याच एडिसनमध्ये, मेन्लो पार्कला, १८७७ साली फोनोग्राफ जन्मला. पुढे इतरांनी काढलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्यांत लाख असे, आणि ती बहुतेक भारतातून येई. म्हणजे कितीतरी माणसांचे आवाज या लाखेने सांभाळले.

पाटाला शेवटी आम्ही चपडा लाखच लावली. स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या पुरचुंडीने, अगदी पातळ हात. वाळला की पुन्हा एक. लाखेचा मोठा गुण असा, की ती स्पिरिटने पुन्हा विरघळते. चूक झाली तर खालच्या लाकडाला धक्का न लावता पुसून काढता येते. दोषही सांगतो: पाणी साचले तर पांढरा डाग पडतो, गरम भांडे ठेवले तर ती मऊ पडते. म्हणून समईखाली आम्ही ताटली ठेवतो.

वेलांटी पुन्हा कोरा, असे मुले म्हणाली. आम्ही नाही म्हटले. पणजोबांच्या घरचा हात आम्ही कुठून आणणार? पण त्या दिवशी मुलांनी विचारले, “इथे काय होते?” आणि तिघांनी वहीत ‘श्री’ काढला, वेलांटीसकट. वर्गात इतकी वर्षे शिकवूनही एवढ्या आनंदाने कोणी वेलांटी गिरवलेली आम्ही पाहिली नव्हती.

म्हणून एकच विनंती. घरात पाट, पेटी, लाटणे, काही जुने असेल तर रंगवण्याआधी उलटेपालटे करून पाहा. कोरलेले काही आहे का, ते मुलांना दाखवा आणि घरातल्या थोरांना त्याची गोष्ट सांगायला लावा. घासायचे काम नंतर.