आधी भाव, मग ब्रश

पारोळा, अमळनेर, धुळे या पट्ट्यातल्या बचत गटांची मी समन्वयक आहे. आज तुमच्याशी भावाबद्दल बोलायचंय. केळीच्या किंवा कापसाच्या भावाबद्दल नाही, तुमच्या हातातल्या कलेच्या भावाबद्दल.

दसरा झाला की आपल्याकडे कापूस वेचणी सुरू होते. सकाळी बायका बांधावर जमतात. पण ओटी बांधून सरीत उतरण्याआधी त्यांच्यातली एकजण शेतमालकाला विचारतेच, "काय किलो?" भाव पटला तर उतरायचं, नाही पटला तर पुढच्या शेताकडे निघायचं. हे आपल्याला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. आईच्या मागे शेतात जाता जाता आपण ते शिकलो.

आता त्याच बायकांकडे कोणीतरी येतं आणि म्हणतं, "ताई, रुखवत करून द्याल का? मंगल कार्यालयात मोठी रांगोळी काढायचीय. शाळेच्या भिंतीवर चित्रं हवीत." पैशांचा विषय निघाला की आपण पदराशी चाळा करत म्हणतो, "तुम्हले जे वाटी ते द्या." कापसाला भाव विचारणारी बाई चित्राचा भाव सांगताना गप्प का होते?

ही चूक दुसऱ्यांची म्हणून सांगत नाहीये. माझी स्वतःचीच चूक सांगते.

आमच्या एका गटात दोघी फार सुंदर चित्रं काढतात. एका शाळेला कुंपणाची भिंत रंगवून हवी होती. चाळीस फूट लांब, पाच फूट उंच. बोलणी करायला मी गेले होते. समोरच्यांनी विचारलं, "किती घ्याल?" काम हातचं जाऊ नये म्हणून मी घाईघाईने सांगून टाकलं, "रंगासकट साडेचार हजार." ते लगेच हो म्हणाले. तिथेच मला कळायला हवं होतं.

काम नऊ दिवस चाललं. बैलगाडी, विहीर, कानबाईची मिरवणूक, सगळं बारीक नक्षीचं काम होतं. मध्येच दोन चित्रं बदलायला सांगितली, तीही बदलून दिली. शेवटी मी वही घेऊन हिशोबाला बसले. रंग आणि ब्रश १६५० रुपये. दोघींचं रोजचं रिक्षाभाडं मिळून ३६० रुपये. उरले २४९०. दोघी आणि नऊ दिवस, म्हणजे अठरा रोज. एका रोजाला पडले १३८ रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे खड्डे खणायला जितकी मजुरी सरकारने ठरवली होती, त्याच्या निम्मीसुद्धा माझ्या बायांना मिळाली नाही. आणि तो भाव मीच लावला होता.

त्यातल्या एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "निंदायला गेली असती तर घरात जास्त आले असते." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पुढच्या कामाला बोलावलं तर ती ताई आली नाही. म्हणाली, "मॅडम, हौस घरी करीन. पोटासाठी कापूसच बरा." मैत्रिणींनो, कमी भावाने नुसते पैसे बुडत नाहीत. बाईच्या हातातली कला घरच्यांच्या नजरेत रिकामपणाचा उद्योग ठरते, आणि मग ती ब्रश खाली ठेवते.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि मग आम्ही भाव काढायची रीत बसवली. ती तुम्हालाही सांगते. जवळ वही-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिला आकडा सामानाचा. रंग, ब्रश, कापड, दोरा, मणी, जे लागेल ते. घरात पडून असलेलं सामानसुद्धा धरा, तेही कधीतरी पैसे देऊनच आणलेलं असतं. दुसरा आकडा जाण्यायेण्याचा. तिसरा रोजाचा. तुमच्या भागात जी साधी मजुरी चालते ती पायाशी धरा आणि त्यावर कसबाचे निम्मे वाढवा. आम्ही २९७ चे ३०० धरले, त्यावर १५० चढवले, रोज झाला ४५०. चौथा आकडा डोक्याच्या कामाचा. मापं घेणं, कागदावर कच्चं चित्र काढणं, बाजारात जाऊन रंग आणणं, हेही कामाचेच दिवस आहेत. पाचवा आकडा एकूण बेरजेच्या दहा टक्के. ब्रश झिजतात, डबा सांडतो, पाऊस येतो.

आता तीच भिंत पुन्हा मोजू. सामान १६५०. भाडं ३६०. अठरा रोज ४५० ने ८१००. कच्च्या चित्राचे आणि खरेदीचे दोन रोज ९००. बेरीज ११,०१०. वर दहा टक्के, म्हणजे साधारण ११००. झाले १२ हजारांच्या थोडे वर. भिंत दोनशे चौरस फुटांची, म्हणजे फुटाला ६० रुपये. मी सांगितलेल्या भावात फुटाला साडेबावीस पडले होते.

तुम्ही म्हणाल, एवढे सांगितले तर काम मिळेल का? खरं सांगते, पहिल्या ठिकाणी नाही मिळालं. "मागच्या वेळी तर स्वस्तात केलं होतं," असं ऐकून घ्यावं लागलं. जवळजवळ दोन महिने एकही काम आलं नाही आणि गटात माझ्यावर कुरकुर झाली. मग दुसऱ्या एका ठिकाणी विचारणा झाली. त्यांच्याकडे सहाच हजार होते. आम्ही म्हटलं, सहा हजारांत शंभर फूट भिंत रंगवून देतो. ते तयार झाले. तेव्हापासून आमचा नियमच झाला. गिऱ्हाईकाकडे पैसे कमी असतील तर काम कमी करायचं, रोज कमी करायचा नाही. रांगोळी लहान काढा, रुखवताचे पंधराऐवजी दहा नग करा. पण तुमचा दिवस स्वस्त करू नका.

भाव सांगताना हिशोब फोडून सांगा. आपलं जळगाव सोन्यासाठी प्रसिद्ध. सराफाच्या बिलावर सोन्याचा भाव वेगळा असतो आणि घडणावळ वेगळी. घडवणाऱ्याच्या हाताचे पैसे असतात हे गिऱ्हाईकाला माहीत आहे. मग आपल्या चिठ्ठीवरही सामान वेगळं आणि घडणावळ वेगळी लिहा.

चिठ्ठी लिहायचीच. त्यावर काम काय, माप किती, तारीख कोणती, पैसे किती हे लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. निम्मे पैसे इसार म्हणून आधी घ्या, म्हणजे सामानासाठी स्वतःची बचत मोडावी लागत नाही. कच्चं चित्र दाखवून होकार घ्या. त्यानंतर एखादा छोटा बदल फुकट, पुढे प्रत्येक बदलाला रोज लागेल हेही लिहा.

कायद्याचंही थोडं सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कोणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर त्या चित्राचे हक्क आधी काम देणाऱ्याकडे जातात. म्हणून तेच चित्र तुम्हाला पुढे पिशव्यांवर, पणत्यांवर वापरायचं असेल तर चिठ्ठीत तसं लिहून घ्या. हक्क दुसऱ्याकडे गेले तरी चित्र माझं आहे हे सांगण्याचा अधिकार कायद्याने तुमच्याकडेच राहतो. म्हणून चित्राखाली स्वतःचं नाव घाला.

नावावरून वारली चित्रकला आठवते. डहाणूकडच्या पाड्यांवर लग्नाचा चौक सुवासिनी काढत. भिंतीवरच्या त्या चित्राला भाव नव्हता, खाली कोणाचं नावही नव्हतं. १९७० नंतर ही कला कागदावर आली आणि बाहेर विकली जाऊ लागली. जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगभर झालं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांच्या मोठेपणाबद्दल वादच नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या त्या बायांची नावं आज आपल्याला सांगता येत नाहीत. आपल्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही.

आता सगळ्यात अवघड गिऱ्हाईक, म्हणजे नातेवाईक. "घरचंच आहे गं, तुझ्याकडून पैसे काय द्यायचे!" माझं म्हणणं असं, की भाचीच्या लग्नात रुखवत द्यायचंय ना, तर खुशाल द्या, पण आहेर म्हणून द्या आणि तसं बोलून दाखवा. नाहीतर पूर्ण भाव घ्या. अर्धवट पैसे घेतले की त्यांना वाटतं आपण पैसे दिले, तुम्हाला वाटतं आपण फुकट राबलो, आणि नात्यात कडवटपणा येतो.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. एकटीने भाव धरला तर गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं. शेजारीण म्हणते, "मी शंभर कमी घेते." दुसऱ्या वेळी ही तिच्यापेक्षा कमी घेते. शेवटी दोघी उपाशी. वेचणीला आपण सगळ्या मिळून भाव ठरवतो म्हणून तो टिकतो. तसंच गटाच्या बैठकीत आपल्या कलेचा किमान रोज ठरवा, ठरावाच्या वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. त्याच्या वर कोणीही घ्यावं, खाली कोणी जायचं नाही.

आमच्या गटाच्या वहीत हा ठराव आहे. कापूसच बरा म्हणणारी ती ताई सहा महिन्यांनी परत आली. आता भाव सांगायला तीच जाते, मी नुसती शेजारी बसते. मागच्या वेळी समोरच्याने विचारलं, "काही कमी नाही का होणार?" ती म्हणाली, "होईल ना. भिंत किती फूट कमी करू?"

तर मैत्रिणींनो, आज एवढंच करा. तुम्ही केलेलं शेवटचं काम आठवा, त्याचे हे पाच आकडे वहीत मांडा आणि एका रोजाला किती पडले ते काढा. आकडा पाहून वाईट वाटलं तर वाटू द्या, मलाही वाटलं होतं. आणि पुढचं काम आलं की ब्रश हातात घेण्याआधी भाव सांगा.